वाचकांचे प्रश्न : राष्ट्राध्यक्षांची पत्नी बोलते तेव्हा

गेल्या अंकात या सदरात एलिनॉर रूझवेल्ट यांच्याविषयी एक छोटे टिपण दिले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या या पत्नी १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षे व्हाइट हाउसमध्ये राहिल्या आणि त्या काळात त्यांनी भाषणे, दौरे व लिखाण यांतून सार्वजनिक कामाची नवी रीत घालून दिली, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला अमेरिकेच्या राज्यघटनेने काही पद वा अधिकार दिले आहेत का? नसतील, तर ती कोणत्या नात्याने लोकांसमोर बोलते?

राज्यघटनेत तिचा उल्लेखसुद्धा नाही. ती निवडून येत नाही, शपथ घेत नाही, तिला पगार नाही आणि कोणत्याही कागदावर तिची सही चालत नाही. राष्ट्राध्यक्षांना मदत करण्यासाठी तिला जे काम पडते, त्याकरिता सरकारी कर्मचारी देता येतील, एवढी तरतूद १९७८ च्या एका कायद्याने केली. तिच्या हाती राहतो तो शब्द, आणि तो शब्द ऐकून घ्यायला लोक तयार असतात, कारण ती राष्ट्राध्यक्षांच्या घरातली असते. हे उसने वजन आहे. ते स्वतःचे कसे करायचे, हाच तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो, आणि एलिनॉर यांचे आयुष्य मला त्यासाठीच अभ्यासण्याजोगे वाटते.

एकदा त्यांनी पद घेऊन पाहिले. १९४१ मध्ये नागरी संरक्षण कार्यालयाच्या सहायक संचालक म्हणून त्या बिनपगारी रुजू झाल्या. परंतु त्यांनी केलेल्या नेमणुकांवरून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, इतकी टीका झाली की फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पदाने त्यांची ताकद वाढली नाही, उलट टीकाकारांना नेमके लक्ष्य मिळाले.

प्रश्न : एलिनॉर या जन्मजात वक्त्या होत्या का? मी एका महिला मंडळाची कार्यवाह आहे, पण चार माणसांपुढे उभे राहिले की माझा घसा कोरडा पडतो. त्यांनी ही भीती कशी घालवली?

जन्मजात तर नाहीच. १८८४ मध्ये जन्मलेल्या या मुलीची आई ती आठ वर्षांची असताना वारली आणि दहाव्या वर्षापूर्वीच वडीलही गेले. अतिशय बुजरी, आपण दिसायला चांगल्या नाही याची सतत बोच असलेली ही मुलगी पुढे लक्षावधी लोकांशी बोलेल, असे तेव्हा कुणालाही वाटले नसते. १९२१ मध्ये पतीला पोलिओ झाला, त्यांचे पाय कायमचे गेले, आणि त्यांचे नाव लोकांच्या विस्मरणात जाऊ नये म्हणून एलिनॉर यांनी सभांमध्ये बोलावे, असा आग्रह लुई हाउ या पत्रकार व राजकीय सल्लागाराने धरला. सुरुवातीच्या भाषणांत त्यांचा आवाज वर चढत जाई आणि हसण्यासारखे काही नसताना त्या मध्येच खुदकन हसत. हाउ सभागृहात मागच्या रांगेत बसत आणि सभा संपली की त्यांचे एकेक दोष सांगत. सांगण्यासारखे काही असेल तर ते सांगा आणि खाली बसा, असा त्यांचा सल्ला होता. आपण विचारले आहे म्हणून सांगतो, यात घशाच्या कोरडेपणावर औषध नाही. लक्ष स्वतःवरून काढून सांगायच्या गोष्टीवर ठेवायला मात्र त्याने मदत होते.

परंतु सांगण्यासारखे आणायचे कोठून? याचे उत्तर त्यांना १९२९ ते १९३२ या काळात मिळाले, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला तेथेच दिसते. पती तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. राज्यातील मनोरुग्णालये, तुरुंग, अपंगांसाठीच्या संस्था यांची पाहणी करणे हे गव्हर्नरांचे काम; परंतु त्यांना चालता येत नसल्यामुळे ते मोटारीतून आवार पाहत आणि एलिनॉर आत जात. पहिल्या काही वेळा त्या जेवणाच्या फलकावर काय लिहिले आहे ते वाचून येत आणि तेच सांगत. पती विचारत, तुम्ही पातेल्यांत डोकावून पाहिलेत का? फलकावर लिहिले आहे तेच चुलीवर शिजते आहे का? खाटा एकमेकींना किती चिकटून आहेत? रात्री जास्तीच्या खाटा मांडून दिवसा त्या कपाटात दडवून ठेवल्याच्या खुणा दिसतात का? दोरीवर वाळत घातलेले कपडे कशा अवस्थेत आहेत? एलिनॉर हळूहळू स्वयंपाकघरात थेट शिरून झाकणे उचलायला शिकल्या. आपल्या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

सभेत बोलताना घाबरणाऱ्या माणसाला आवाजाचे, हातवाऱ्यांचे धडे दिले जातात आणि ते उपयोगी असतात. एलिनॉर यांनीही पुढे आवाजाचे रीतसर शिक्षण घेतले. पण ज्या बाईने पातेल्यातले पातळ कालवण डोळ्यांनी पाहिले आहे, तिला तुरुंगातील जेवणाविषयी बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत. आपल्या मंडळाच्या कामातील एखादी गोष्ट आपण अशी जवळून पाहिली असेल, तर पुढच्या सभेत तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवतो.

त्यांच्या वक्तृत्वाची कसोटी पाहायची तर १८ जुलै १९४० चे शिकागोतील भाषण घ्यावे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात फ्रँकलिन यांना तिसऱ्यांदा उमेदवारी मिळाली होती, परंतु उपाध्यक्षपदासाठी त्यांनी हेन्री वॉलेस यांचे नाव पुढे केल्यामुळे प्रतिनिधी संतापले होते आणि सभागृहात आरडाओरडा चालू होता. एलिनॉर विमानाने तेथे पोहोचल्या आणि लिहिलेला कागद हाती न घेता थोडाच वेळ बोलल्या. वॉलेस यांची स्तुती त्यांनी केली नाही. हा काळ नेहमीसारखा नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवून देशासाठी काय बरे याचा विचार करावा, एवढाच त्यांचा मुद्दा होता. सभागृह शांत झाले आणि वॉलेस निवडले गेले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात भाषण करण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रश्न : भाषणे आणि रेडिओवरील कार्यक्रम यांचे त्या पैसे घेत, हे योग्य होते का?

रेडिओवरील मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेच्या मदतकार्याला दिला. तरीही १९४१ मध्ये त्यांचा कार्यक्रम कॉफी उत्पादकांच्या संघटनेने पुरस्कृत केलेला होता, हे मला खटकते. मात्र याच कार्यक्रमातून ७ डिसेंबर १९४१ च्या संध्याकाळी, पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्यानंतर अवघ्या काही तासांत, त्या देशाशी बोलल्या. राष्ट्राध्यक्षांचे काँग्रेससमोरील भाषण दुसऱ्या दिवशी झाले. आपला एक मुलगा युद्धनौकेवर आहे हे सांगून त्यांनी देशातील इतर आयांना धीर दिला.

प्रश्न : भाषणांपलीकडे त्यांनी प्रत्यक्ष काय उभे केले? आणि ते टिकले का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर गोड नाही. ऑगस्ट १९३३ मध्ये एलिनॉर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्कॉट्स रन या कोळसा खाणींच्या पट्ट्यात गेल्या. खाणी बंद पडल्या होत्या आणि बेकार कामगारांची कुटुंबे घाण पाण्याच्या ओढ्याकाठी मोडक्या खोपटांत राहत होती. त्यांच्यासाठी सरकारने आर्थरडेल ही नवी वसाहत वसवावी, यासाठी त्यांनी पतीच्या मागे लकडा लावला, आणि वसाहत खरोखरच उभी राहिली. पुढे अनेक वर्षे त्या तेथे जात राहिल्या, शाळेच्या पदवीदान समारंभांत भाषणे करत राहिल्या, लोकांबरोबर नाचल्याही.

पण पहिली पन्नास घरे घाईघाईने तयार साच्याची मागवली गेली. ती त्या डोंगरातल्या थंडीला पुरणारी नव्हती आणि आधी बांधून ठेवलेल्या पायावर बसतही नव्हती, त्यामुळे ती पुन्हा बांधण्यात अतोनात पैसा गेला. वसाहतीला कायमचा रोजगार देणारा कारखाना तेथे कधी नीट रुजला नाही. सगळ्यांत मोठा डाग म्हणजे कृष्णवर्णीय कुटुंबांना तेथे जागा दिली गेली नाही. एलिनॉर यांनी त्याला विरोध केला, परंतु वसाहतीतील गोऱ्या रहिवाशांनी नकारच दिला आणि तो नकार टिकला. १९४७ पर्यंत सरकारने तेथील मालमत्ता विकून अंग काढून घेतले. तरीही जी १६५ कुटुंबे तेथे आली, त्यांची मुले नळाचे पाणी आणि विजेचा दिवा असलेल्या घरात वाढली. खर्चाच्या हिशेबात हा प्रकल्प फसला असे म्हणणाऱ्यांचे आकडे बरोबर आहेत. त्या मुलांचा हिशेब मात्र त्या आकड्यांत मावत नाही, असे मला वाटते.

याच्या जोडीला त्यांचा पत्रव्यवहार होता. मला पत्रे लिहा, असे आवाहन त्यांनी १९३३ मध्ये एका महिला मासिकातून केले आणि त्या एका वर्षात त्यांना सुमारे तीन लाख पत्रे आली. त्यातली कित्येक त्या संबंधित खात्यांकडे पाठवत आणि काही तर थेट पतीच्या टेबलावर नेऊन ठेवत. पत्रकार परिषदांना त्यांनी केवळ महिला वार्ताहरांना प्रवेश दिला, त्यामुळे वृत्तपत्रांना नाइलाजाने का होईना, स्त्रियांना नोकरीवर ठेवावे लागले. मला हा त्यांचा निर्णय कोणत्याही भाषणाहून मोलाचा वाटतो.

प्रश्न : पतीच्या धोरणाविरुद्ध त्या कधी बोलल्या का?

बोलल्या, आणि काही वेळा गप्पही राहिल्या. जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा म्हणून त्यांनी १९३४ मध्ये वॉल्टर व्हाइट या कार्यकर्त्याची राष्ट्राध्यक्षांशी भेट घडवून आणली. दक्षिणेतील सिनेटर दुखावतील या भीतीने फ्रँकलिन यांनी त्या विधेयकामागे आपले वजन टाकले नाही. एलिनॉर यांनी आपले मत लपवले नाही. १९३८ मध्ये दक्षिणेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथील एका परिषदेत पोलिसांनी गोऱ्यांनी एकीकडे आणि काळ्यांनी दुसरीकडे बसावे असा हुकूम सोडला, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची दोहोंच्या मधोमध ठेवली. १९३९ मध्ये मारियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनचे कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह नाकारले गेल्यावर, ते ज्या संघटनेच्या मालकीचे होते तिच्या सदस्यत्वाचा त्यांनी राजीनामा दिला आणि ‘माय डे’ या आपल्या दैनिक स्तंभात तसे लिहिले. ९ एप्रिलला लिंकन स्मारकापुढे सुमारे ७५,००० लोकांसमोर तो कार्यक्रम झाला.

याउलट, जपानशी युद्ध चालू असताना १९४२ मध्ये अमेरिकेतील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत टाकले गेले, तेव्हा मनातून विरोध असूनही त्यांनी पतीच्या आदेशाविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या अॅरिझोनातील गिला रिव्हर छावणीत गेल्या आणि या लोकांना लवकर मोकळे करावे असे म्हणू लागल्या. उसन्या वजनाची मर्यादा मला येथे स्पष्ट दिसते, आणि त्यांच्याविषयी आदर असूनही हे मौन मी विसरू शकत नाही.

प्रश्न : त्यांच्यानंतर आलेल्यांपैकी कुणी त्यांच्या तोडीचे काम केले का?

दोघींचा उल्लेख करतो. लेडी बर्ड जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये, वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा होऊन तीनच महिने झालेले असताना, रेल्वेने दक्षिणेकडील आठ राज्यांतून चार दिवसांचा प्रवास केला आणि ४७ भाषणे केली. दक्षिण कॅरोलायनात जमाव हुर्यो करू लागला, तेव्हा त्यांनी हातमोजा घातलेला हात वर केला आणि तुमचे मत मांडण्याचा तुमचा हक्क मी मानते, आता माझी पाळी आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. रोझलिन कार्टर यांनी मानसिक आरोग्याचा विषय हाती घेतला, त्या १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसल्या आणि १९८० मध्ये त्यातून कायदाही झाला. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने त्याचा बहुतेक भाग रद्द केला, तरी त्या पुढची चार दशके त्याच विषयावर काम करत राहिल्या.

प्रश्न : एलिनॉर यांचे एकच भाषण वाचायचे असेल, तर कोणते वाचावे?

पतीच्या निधनानंतरचे. १९४५ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांकडे पाठवले आणि मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. आता वजन उसने नव्हते. तेथे त्यांना भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भेटल्या. आयोग तयार करत असलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दाला मेहता यांनी हरकत घेतली. त्या शब्दात स्त्रियाही येतातच, असे एलिनॉर यांचे आधी म्हणणे होते. शेवटी मेहतांचा मुद्दा मान्य झाला आणि जाहीरनाम्याचे पहिले कलम ‘सर्व मानव’ असे सुरू झाले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, आठ देश तटस्थ राहिले.

दहाव्या वर्षी, २७ मार्च १९५८ रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्या या जाहीरनाम्याविषयी थोडक्यात बोलल्या, ते भाषण आपण वाचावे. मानवी हक्क सुरू होतात ते घराजवळच्या, जगाच्या कोणत्याही नकाशावर न दिसणाऱ्या लहान जागांत, असे त्या म्हणतात, आणि मग त्या जागा सांगतात : माणूस राहतो ती वस्ती, शिकतो ती शाळा, काम करतो तो कारखाना, शेत किंवा कचेरी. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. ‘माय डे’चा शेवटचा लेख त्यांनी सप्टेंबर १९६२ मध्ये लिहिला आणि ७ नोव्हेंबरला त्या गेल्या.