पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे

प्रश्न आहे : ‘पाखंडी’ म्हणजे ढोंगी की नास्तिक? आणि ‘पाखंड’ लिहावे की ‘पाखांड’?

ढोंगी अजिबात नव्हे. नुसता नास्तिकही नव्हे; वेगळ्या मताचा, वेगळ्या पंथाचा माणूस. भोंदूबाबा पकडला गेला की बातम्यांत ‘पाखंडी बाबा’ कानावर आदळतो. ही हिंदीची उसनवारी. ढोंगी, भोंदू, दांभिक असे चोख शब्द घरात असताना ती कशाला? ज्ञानेश्वर ‘पाखांडाचे दरकुटे’, म्हणजे पाखंडाचे दरे, मोडायला गुरुकृपेला सांगतात, तुकोबा ‘पाखांड्यांनी पाठी पुरविला दुमाला’, म्हणजे पिच्छा पुरवला, म्हणत विठ्ठलाला हाक मारतात. दोघांपुढे उभे आहेत ते वाद घालणारे, वेगळ्या मताचे लोक.

पण खरा आनंद याच्याही मागे आहे. अशोकाचा बारावा शिलालेख गिरनारला वाचा. राजा ‘सवपासंडानि’ पूजतो, म्हणजे सर्व पंथांना मान देतो. हा ‘पासंड’ म्हणजेच आपल्या ‘पाखंड’चे जुने रूप. पुढे जोडी येते : ‘आत्पपासंड’ आणि ‘परपासंड’. आपल्या पंथालाही पासंडच! दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करणारा आपल्याच पासंडाला जास्त इजा करतो, असे तो बजावतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये हेच वेगळ्या वाटेने मांडले : विरोधी मत दाबले की आपले खरे मतही निर्जीव होते. मनुस्मृती मात्र पाषंडस्थांना (‘पाषंड’ हे याच शब्दाचे संस्कृत रूप) जुगाऱ्यांच्या रांगेत बसवून नगराबाहेर काढायला सांगते.

‘पा’ म्हणजे वेदधर्म, त्याचे खंडन करतो तो पाखंड, ही शास्त्रीमंडळींची व्युत्पत्ती अजूनही ऐकवली जाते. ती साफ चूक आहे. अशोकाच्या ‘पासंड’मध्ये ‘ख’च नाही, मग खंडन आले कुठून? ‘ष’चा ‘ख’ झाला तो नंतर, ‘भाषा’ची ‘भाखा’ झाली तसा. शब्द बदनाम झाल्यावर त्या बदनामीला शोभेल असे मूळ रचले गेले, इतकेच. मला पटते ती ‘पर्षद्’पासूनची व्युत्पत्ती. पर्षद् म्हणजे सभा, पार्षद म्हणजे सभेतला. प्राकृतात ‘र्ष’चा ‘स’ झाला, अनुस्वार शिरला. म्हणजे पाखंडी हा आपल्या परिषदेचा सख्खा भाऊबंद! ग्रीकांच्या ‘हैरेसिस’चेही असेच झाले. अर्थ निवड, मग तत्त्वज्ञांचा संप्रदाय. ख्रिस्ती धर्मपीठाच्या तोंडी तो धर्मद्रोह ठरला.

अशोकाच्या त्याच बाराव्या लेखात ‘अञमंञस धंमं स्रुणारु’ आहे : एकमेकांचा धर्म ऐकावा. पाखंड्यांनी पाखंड्यांचे ऐकावे, असाच तो आदेश.

‘पाखांड’ जुन्या पोथ्यांतले. आज ‘पाखंड’ लिहा.