घरात सहा माणसं झाली, स्विफ्ट विकून एर्टिगा घेऊ की ट्रायबर? (फोंडा)

एर्टिगाच घ्या, सहा जणं रोज बसणार असतील तर ट्रायबर लगेच अपुरी पडेल. तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या की ट्रायबरची डिकी 84 लिटर उरते, एर्टिगाची 209, म्हणजे चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांचं) सामान, बॅगा निदान कोंबता तरी येतात, आणि भरल्या गाडीत चोर्ला घाट चढताना ट्रायबरचं 999 सीसीचं इंजिन धापा टाकतं. आमच्याकडे एर्टिगाच आहे. शोरूमवाले सांगत नाहीत ते एक, मधल्या सीटवर आयसोफिक्सने (सीटमधल्या हुकांना अडकवून) चाइल्ड सीट बसवली की ती बाजू पुढे सरकत नाही, मागे जायचं तर पलीकडच्या दारानेच, त्यामुळे तिसऱ्या रांगेत आजीला नको, थोरल्या पोराला पाठवा. फक्त स्विफ्टपेक्षा एर्टिगा अर्ध्या मीटरहून जास्त लांब आहे, वाड्यावरचं वळण अरुंद असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी आधी घरापर्यंत आणायला लावा.