मुलाखतीला जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद,

निवृत्त मंत्री आणि सचिवांच्या आठवणी टिपायचं काम हाती घेतलंस, बरं केलंस. तुझ्या प्रश्नावलीत 'ही कल्पना कोणाची?' हा प्रश्न सगळ्यात वर आहे, तेवढा काढून टाक. रोजगार हमीचंच बघ. 1965 मध्ये तासगाव भागात प्रयोग झाला, त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते हे सर्वश्रुत आहे. तरी तुला भेटणारा जो तो म्हणेल, ''मीच साहेबांच्या कानावर घातलं.'' म्हणू दे. तू चहा घे आणि विचार, पैसा कुठून आणला?

1972 च्या दुष्काळात कामं निघाली ती संकट म्हणून. पाऊस पडला की अशा कामांचा निधी आटतो. रोजगार हमीचा आटला नाही, कारण 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला आणि त्यात तेवढीच भर राज्यानं घालायची असं ठरलं. तुझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापतात ना, तोच हा कर. शहरातल्या नोकरदाराच्या खिशातून गावच्या मजुराला मजुरी द्यायची, हे कोणी कोणाच्या गळी उतरवलं? वित्त विभागानं टिप्पणीवर काय शेरा मारला? हे सांगू शकणारी माणसं आता मोजकीच. त्यांना आधी गाठ. फाइलवर 'कृपया चर्चा करावी' एवढंच लिहून विषय महिनोन्महिने कसा झोपवतात, तेही त्यांच्याकडूनच ऐक. भाषणांत ते सापडायचं नाही.

कायदा 1977 मध्ये एकमतानं झाला, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. मधल्या काळात वसंतदादांचं सरकार जाऊन शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. हा भाग सगळे भरभर उरकतात, तिथे थांबव. सरकार बदललं तरी हा कायदा का बाजूला पडला नाही, हे खोदून विचार.

आणि मुंबईतच अडकून राहू नकोस. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असं कायदा म्हणतो. पण तारीख मोजायची ती मागणीच्या पोचेपासून, म्हणून पोच द्यायलाच टाळाटाळ व्हायची. मंत्र्यांना हे ठाऊक असेलच असं नाही. कामावर मजुरांची हजेरी मांडणाऱ्या जुन्या हजेरी सहायकाला मात्र पक्कं ठाऊक असतं.

यादी पाठव. दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत. त्यातले एक दुपारी झोपतात, चारनंतर जा.