प्राडा अजूनही एकाच कुटुंबाची कंपनी आहे का?

कोल्हापुरी चपलेच्या वादात गाजलेली इटलीची फॅशन कंपनी प्राडा खरंच घरगुती कंपनी आहे का, हा प्रश्न. हो, आहे. 2011 मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली, तरी सुमारे 80 टक्के शेअर्स घरातच आहेत.

सुरुवात 1913 ची. मारिओ प्राडाने मिलानच्या गॅलेरिया या छत असलेल्या बाजारात भावासोबत चामड्याच्या बॅगा आणि ट्रंकांचं दुकान काढलं. 1919 मध्ये इटलीच्या राजघराण्याला माल पुरवायचा मान मिळाला. गंमत अशी, की बायकांनी धंद्यात पडू नये असं मारिओचं मत होतं. पण मुलाला रस नव्हता, म्हणून पुढे दुकान सांभाळलं मुलगी लुइसाने, आणि नंतर नातीने, मिउच्चाने.

खरी कलाटणी हिचीच. राज्यशास्त्रात डॉक्टरेट, वर मूकाभिनयाचं शिक्षण, फॅशनचं मात्र रीतसर काहीच नाही! 1984 मध्ये तिने काळ्या नायलॉनची पाठीवरची सॅक आणली. चामड्याच्या घराण्यात नायलॉन! वर सोनेरी मिरवामिरव नाही, फक्त छोटा त्रिकोणी बिल्ला. सुरुवातीला थंड प्रतिसाद, मग तीच ओळख झाली. हिशेब आणि कारखाने बघितले नवऱ्याने, पात्रिझिओ बेर्तेल्लीने. माझ्या मते ही जोडी नसती, तर ते एक जुनं, प्रतिष्ठित दुकानच राहिलं असतं.

आता मुलगा लोरेन्झो कंपनीत आहे. आधी तो मोटार रॅलीच्या शर्यतीत गाड्या पळवायचा. 2025 मध्ये प्राडाने व्हर्साचे हा इटलीचाच फॅशन ब्रँड विकत घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये आपली चप्पल झळकली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंब झाल्यावर उगम मान्य केला.