लेसिकनंतर पापुद्र्याखाली सूज

प्रश्न : परवा चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया, लेसिक, झाली. काल स्वच्छ दिसत होतं, आज धुकं आल्यासारखं वाटतं, दुखत नाही. पापुद्र्याखाली सूज आहे म्हणून डॉक्टरांनी दर तासाला स्टेरॉइडचे थेंब दिलेत. भीती वाटते, कमी केले तर चालेल का?

उत्तर : नाही. स्वतःहून एकही थेंब चुकवू नका. या सुजेला डीएलके (डिफ्यूज लॅमेलर केराटायटिस) म्हणतात. शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलून परत बसवतात. त्या फटीत पांढऱ्या पेशी जमतात. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बारीक वाळू पसरल्यासारखी दिसते. पेशी कडेला असतील तर स्टेरॉइडच्या थेंबांनी, म्हणजे १ टक्का प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटने सहसा भागतं. त्या मध्यभागी गोळा होऊ लागल्या, तर पापुद्रा उचलून खालची जागा धुवावी लागते. इथे उशीर झाला तर कॉर्निया विरघळून व्रण राहतो, प्लस नंबरही येतो. म्हणूनच सध्या रोज तपासणी हवी.

हे औषध बाटलीच्या तळाशी बसतं. नीट हलवलं नाही तर डोळ्यात नुसतं पाणीच जातं. दुसरे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या.

तुमची भीती अगदीच खोटी नाही. स्टेरॉइड आठवडाभराहून जास्त चाललं की काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, फटीत पाणी साचतं आणि ते डीएलकेसारखंच दिसतं. तेव्हा कॉर्नियाच्या मध्यावर मोजलेला दाब फसवा, कमी येतो; कडेलाही मोजायला सांगा.

डोळा ठणकू लागला, चिपडं आली किंवा एकच पांढरा ठिपका दिसला तर जंतुसंसर्गाची शंका घ्या आणि त्याच दिवशी दाखवा.