घरी बाइक उघडली की सुटे भाग आणि पाने कसे ठेवावेत, म्हणजे जोडताना घोळ होणार नाही?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या पार्किंगमध्ये पल्सर 150 च्या क्लच प्लेटा स्वतः बदलल्या, नटबोल्ट मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले, तरी जोडताना गोंधळ उडाला आणि शेवटी दोन बोल्ट उरले. गाडी चालतेय, मग ते सोडून दिले तर चालेल का, आणि पुढच्या वेळी काय करायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी कोल्हापुरात टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो, त्यामुळे हे दुखणं रोजच्या ओळखीचं आहे.

आधी उरलेल्या बोल्टांचं बघू, कारण तुम्ही गाडी वापरताय. सोडून देऊ नका. क्लचपर्यंत पोचायला किक, उजवा फूटरेस्ट, ब्रेक पेडल, सायलेन्सरचा एखादा क्लॅम्प यातलं काही ना काही सोडवावं लागतंच. टॉर्च घेऊन त्या बाजूचं एकेक भोक बघा. जिथला बोल्ट राहिलाय, तिथे भोकाभोवती घासलेली, चकचकीत कडा दिसते, कारण बोल्टचं डोकं किंवा वायसर तिथे दाबून बसलेला असतो. कंपनीने मुळातच रिकामं सोडलेलं भोक धुळीने भरलेलं असतं, तिथे अशी कडा नसते. पेडल किंवा फूटरेस्टचा बोल्ट निघाला, तर तो लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आणि उरलेले बोल्ट क्लच कव्हरचे असतील, तर बाकीचेही आपापल्या जागी आहेत का हे पुन्हा उघडून बघावं लागेल. ते का, हे खाली येईलच.

आता सामान ठेवण्याबद्दल. तुमचा घोळ निष्काळजीपणामुळे झालेला नाही, उलट जास्त नीटनेटकेपणामुळे झालाय. 6 मिलिमीटरचे सगळे बोल्ट एका डब्यात, 8 चे दुसऱ्यात, वायसर तिसऱ्यात. दिसायला छान, पण कुठला बोल्ट कुठून निघाला ही एकमेव कामाची माहिती तुम्ही त्यात पुसून टाकली. दुकानदाराने माल मापाप्रमाणे लावावा, कारण त्याला तो विकायचाय. आपल्याला परत बसवायचाय. म्हणून डबा मापाचा नको, जागेचा हवा. एका डब्यात फक्त क्लच कव्हर, एकात फक्त किक आणि फूटरेस्ट, एकात सायलेन्सर. त्या डब्यात चार मापांचे बोल्ट एकत्र पडले तरी काही बिघडत नाही.

पण क्लच कव्हरला तेवढंही पुरत नाही. बहुतेक इंजिनांत या कव्हरचे बोल्ट जाडीला सारखे आणि लांबीला वेगवेगळे असतात. सगळ्यांना एकच पाना लागतो, म्हणून नवख्याला ते सारखेच वाटतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दाबलं गेलेलंच नसतं आणि पॅकिंगमधून, म्हणजे सांध्यातल्या गॅस्केटमधून, ऑइल पाझरायला लागतं. पाझरतंय म्हणून आणखी आवळलं की ॲल्युमिनियमचा कान तडकतो. उलट आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. ॲल्युमिनियममध्ये बोल्टने त्याच्या जाडीच्या निदान दीड ते दोनपट आत जायला हवं, म्हणजे 6 चा बोल्ट 9 ते 12 मिलिमीटर. गेलेले आटे दुरुस्त होतात, आमच्याकडे उद्यमनगरात हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून देणारे आहेत, पण त्यासाठी पुन्हा खोलाखोली आलीच.

यावर जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे पुठ्ठा. स्पेअर पार्टच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढा, हुबेहूब नको. जिथे बोल्ट तिथे पेचकसाने भोक पाडा आणि वर-खाली, पुढे-मागे एवढं लिहा. बोल्ट निघाला की लगेच पुठ्ठ्यात त्याच जागी खोचा. वायसर असेल तर वायसरसकट, केबलची पट्टी त्या बोल्टखाली असेल तर पट्टीसकट. सगळे काढून मग खोचू म्हणाल तर उपयोग नाही, एकेक काढायचा आणि एकेक खोचायचा. जोडताना आणखी एक तपासणी करा. बोल्ट आवळण्याआधी सगळे नुसते भोकांत सोडा. जागा बरोबर असतील तर सगळ्यांची डोकी कव्हरपासून जवळपास सारख्याच उंचीवर उभी राहतात. एखादं फार वर किंवा फार खाली दिसलं की अदलाबदल झालीय. मग समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. 6 च्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक किलो पुरतं. पान्याला पाइप लावून जोर करायचं हे काम नाही.

जिथे पुठ्ठ्याची गरज नाही तिथे त्याहून सोपी युक्ती आहे: भाग काढला की बोल्ट परत त्याच्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवा. साइड कव्हर, मडगार्ड, टाकीचा बोल्ट, फूटरेस्ट या सगळ्यांना हे चालतं. डबाच लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला पहिल्यांदा हेच शिकवतो.

हरवतात ते बोल्ट क्वचितच. हरवतात त्या बोल्टच्या पुढच्या गोष्टी. क्लच कव्हर ओढलं की शाफ्टवरचा पातळ वायसर ऑइलने कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटून बाहेर येतो आणि कव्हर धुताना डिझेलच्या ट्रेमध्ये तळाला जातो. कव्हर जागेवर बसवणाऱ्या डोवेल पिना कधी इंजिनला राहतात, कधी कव्हरला. म्हणून कव्हर हातात आलं की ते खाली ठेवण्याआधी उलटं करून बघा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि सुट्या पिना-वायसर लगेच वेगळे करा. धुताना एका वेळी एकाच डब्यातलं सामान धुवा, आणि बारीक सामान चहाच्या जुन्या गाळणीत घालून. दोन जागांचं सामान एका ट्रेमध्ये पडलं की आतापर्यंतची सगळी शिस्त वाया गेली. डिझेल पुरतं. पार्किंगमध्ये पेट्रोलने धुवायचं टाळा, तिथे कोण कधी काडी पेटवेल सांगता येत नाही.

काही ठिकाणी जागेइतकाच क्रम महत्त्वाचा असतो. मागचं चाक काढलं की ॲक्सलवरून चेन ॲडजस्टर, वायसर, कॉलर, ब्रेक प्लेट असं एकामागून एक सुटतं. चाक बाहेर निघालं की तोच ॲक्सल घ्या, त्यावर वायसर-कॉलर त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने सरकवा आणि नट टोकाला दोन आटे लावून ठेवा. क्लच प्लेटांचंही तसंच, निघतील तशा तारेत ओवायच्या आणि वरची बाजू कुठली ते तारेला चिठ्ठी बांधून लिहायचं. नवीन टाकणार असाल तरी जुन्या लगेच फेकू नका, क्रम बघायला त्याच लागतात. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन जिकडे धावते तिकडे हवी, हे काढतानाच बघून ठेवलं तर लावताना डोकं खाजवावं लागत नाही.

मोबाइलचे फोटो काढाच, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. फोटोत वायसरची जाडी दिसत नाही आणि बोल्टची लांबी तर अजिबात दिसत नाही. फोटोचा खरा उपयोग केबल आणि वायरिंगला. क्लचची केबल फ्रेमच्या आतून जाते की बाहेरून, ॲक्सिलरेटरची केबल हॅन्डलच्या कुठल्या बाजूने वळते, हे हॅन्डल डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये ठेवून तीन फोटो काढले की कळतं. केबल चुकीच्या वाटेने गेली तर हॅन्डल वळवल्यावर ती ताणली जाते आणि गाडी आपोआप रेस होते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक बाइकना फ्युएल इंजेक्शन आलं आणि टाकीखाली सेन्सरच्या वायरी वाढल्या. तिथे प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावा. कंपनीचे कनेक्टर सहसा चुकीच्या जागी बसत नाहीत, पण कुठला लावायचा राहिला ते टेपमुळे लगेच दिसतं.

तुमच्याकडे जुनी, कार्बोरेटरची गाडी असेल तर एक सांगतो. हल्ली सगळे लोहचुंबकाचा ट्रे घेतात. चांगली वस्तू आहे, पण कार्बोरेटरचे जेट पितळी असतात, ते चुंबकाला चिकटत नाहीत, आणि स्टेनलेसचे बोल्टही बहुतेक चिकटत नाहीत. ट्रेला धक्का लागला की नेमकं तेवढंच उडतं. जेट, फ्लोटची पिन, नीडल यांना झाकणाचा डबा हवा. आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो आत टेकेपर्यंत हलकेच फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवा. ती संख्या हरवली की गाडीचं सेटिंग हरवलं, आणि ती कुठल्याच डब्यात सापडत नाही.

हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचं हेड-सिलिंडर-पिस्टन, उघडणार असाल तर इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन डबे पहिल्यापासून वेगळे. रॉकर, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा दिसायला जुळ्या असल्या तरी आपापल्या जोडीदाराबरोबर घासून बसलेल्या असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. पिस्टन पिनचं लॉक काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर ते लॉक आत उडी मारतं आणि हाफचं फुल इंजिन होतं. लॉक, स्प्लिट पिन आणि पॅकिंग हे जपून ठेवायचं सामानच नाही. नवीन आणून ठेवा, जुनं त्याच दिवशी टाकून द्या, म्हणजे चुकून परत बसणार नाही.

डब्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे सगळ्यात चांगले, झाकण घट्ट बसतं आणि एकावर एक राहतात. अंड्यांचा ट्रे घ्यायचा तर प्लास्टिकचा, कागदी ट्रे ऑइल पिऊन मऊ पडतो. मार्करने डब्यावर लिहिलेलं तेलकट हाताने पुसलं जातं, म्हणून कागदावर बॉलपेनने लिहून चिठ्ठी छोट्या पिशवीत घालून डब्यात टाका. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरू नका, त्या अक्षरांत आणि घड्यांत वायसर दिसत नाही. एखाद्या दादाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स मिळवा आणि पांढरी बाजू वर करून अंथरा. त्यावर पडलेली मुंगीएवढी स्प्रिंगसुद्धा दिसते, ऑइल पुसलं की साफ. दादांचा एवढा तरी उपयोग व्हावा.

पाने. घरच्या कामाला पेटीभर हत्यारं लागत नाहीत. 8, 10, 12 आणि 14 चे टी-पाने, 8-9 पासून 16-17 पर्यंतचे रिंग पाने, प्लगचा पाना, एलन कीचा जुडगा, पक्कड, नोज प्लायर, दोन-तीन पेचकस. पेचकसात मात्र कंजुषी नको. जपानी घडणीच्या गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू साध्या पेचकसाने घसरतात आणि त्यांची तोंडं मरतात, म्हणून नेमका बसणारा घ्या. नाशिकच्या टपारियाचे पाने घेतले तरी घरच्या माणसाला वर्षानुवर्षं पुरतात. जे हत्यार वापरात नाही ते गाडीवर ठेवायचं नाही, ना सीटवर, ना टाकीवर, ना इंजिनच्या फिनमध्ये. काम झालं की पुसून पेटीत, पुन्हा लागलं तर पुन्हा काढायचं. कंटाळवाणं आहे, पण पाना शोधण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा कमीच. कव्हर बंद करण्याआधी पाने मोजा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हत्याराच्या आकाराची बाह्यरेषा रंगवलेला बोर्ड माहीत असतो. प्लायवूडच्या तुकड्यावर घरीही तो करता येतो, रिकामी रेष दिसली की कुठला पाना बाहेर आहे ते न मोजताच कळतं.

आणि रविवारी काम अर्धं राहिलं तर दोन गोष्टी करूनच हात धुवा. कुठपर्यंत आलोय ते कागदावर लिहा, म्हणजे 'प्लेटा बसवल्या, प्रेशर प्लेटचे बोल्ट नुसते हाताने लावलेत, पुढे आवळायचे' इतकं स्पष्ट. दुसरं, ऑइल काढलेलं असेल तर किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी लावून त्यावर 'ऑइल नाही' असं ठळक लिहा आणि किल्ली घरात वर नेऊन ठेवा. पार्किंगमधली गाडी घरातलं कोणीतरी 'जरा बाजूला घेतो' म्हणून चालू करतंच. पावसाळ्यात पार्टची वाट बघत आठ-दहा दिवस उघडं ठेवावं लागलं तर बेअरिंग आणि गिअरवर इंजिन ऑइलचा हात फिरवून वर प्लास्टिक बांधा, आमच्याकडच्या हवेत तेवढ्या दिवसांत गंज चढतो.