'नाइट ट्रंकर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : ब्रिटनमधल्या जुन्या लॉरीचालकांच्या आठवणींत 'नाइट ट्रंकर' आणि 'शंटर' ही दोन माणसं सारखी भेटतात. यातल्या ट्रंकचा आपल्या पत्र्याच्या ट्रंकेशी काही संबंध आहे का, आणि अनुवाद करताना या दोघांना काय म्हणायचं?

नातं आहे, पण चुलत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झाडाचं खोड. पेटीला ट्रंक म्हणतात ती याच खोडातून निघालेली एक शाखा. ट्रंकर आला तो दुसऱ्या अर्थातून : ज्याला फांद्या फुटतात तो मुख्य भाग. मालवाहतुकीत हा अर्थ लॉरीच्या कितीतरी आधी रुळला. ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा 1777 मध्ये पूर्ण झाला. त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली त्याला 'ग्रँड ट्रंक' म्हणत असे, कारण इतर कालवे याला येऊन मिळावेत असं त्याच्या मनात होतं. पुढे रेल्वेच्या मुख्य मार्गांना ट्रंक लाइन म्हणू लागले, आपल्याकडे ग्रँड ट्रंक रोड झाला, आणि ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहणारी पिढी तर अजून आपल्यात आहे. ब्रिटनमध्ये 1936 च्या ट्रंक रोड्स कायद्याने सुमारे साडेचार हजार मैलांचे प्रमुख रस्ते थेट वाहतूक मंत्रालयाच्या ताब्यात गेले.

लॉरीवाल्यांच्या तोंडी 'ट्रंक' म्हणजे दोन शहरांतल्या डेपोंमधली ठरलेली मुख्य फेरी. ती बहुधा रात्रीची. ती करणारा तो ट्रंकर. आणि दिवसा गावात फिरून माल उचलणारा, गाडी भरून ठेवणारा, आलेला माल दारोदार पोचवणारा तो शंटर. हा शब्द रेल्वेच्या यार्डातून आला, त्यामुळे तो आपल्याला परका वाटत नाही. एकच लॉरी दिवसा शंटरच्या हाती आणि रात्री ट्रंकरच्या हाती, अशी ही जोडी. एकाला वगळून दुसरा समजत नाही, म्हणून शब्दकोशातला एका ओळीचा अर्थ इथे अपुरा पडतो.

ही विभागणी का झाली ते कळलं की आठवणींतले अर्धे प्रसंग उलगडतात. 1930 च्या कायद्याने चालकाला सलग साडेपाच तास आणि चोवीस तासांत एकूण 11 तास, याहून जास्त गाडी चालवता येत नसे. त्यात जड लॉऱ्यांना ताशी 20 मैलांची वेगमर्यादा होती आणि ती थेट 1957 पर्यंत टिकली, मग 30 झाली. आता गणित मांडा. लंडन ते मँचेस्टर साधारण दोनशे मैल. कायदा पाळला तर एका बाजूलाच दहा तास जातात, म्हणजे परक्या गावात मुक्काम आला. या मुक्कामाच्या खोल्यांना चालक 'डिग्ज' म्हणत. त्यावर तोडगा निघाला 'चेंजओव्हर'चा. लंडनहून एक जण उत्तरेला निघायचा, मँचेस्टरहून दुसरा दक्षिणेला. मधल्या एखाद्या ट्रान्सपोर्ट कॅफेत, म्हणजे लॉरीवाल्यांच्या रस्त्याकडेच्या खानावळीत, दोघं भेटायचे, चहा घ्यायचे, लॉऱ्यांची अदलाबदल करायचे आणि आपापल्या गावी परतायचे. माल पुढे गेला आणि माणूस सकाळी स्वतःच्या घरी झोपला. वर्षानुवर्षं ज्याच्याशी गाठ पडायची ती रात्री, त्याच टेबलावर, तेवढ्याच वेळापुरती, अशी ही ओळख. या आठवणींत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच नातं. त्यामुळे 'चेंजओव्हर'चा अनुवाद नुसता 'बदल' असा करू नये. 'गाड्यांची अदलाबदल' असं सरळ लिहावं.

1948 पासून लांब पल्ल्याचा बराचसा व्यवसाय सरकारी झाला आणि 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस' उभी राहिली. आठवणींत 'बी.आर.एस.' येते ती हीच. 1953 च्या कायद्याने तिच्या गाड्या पुन्हा खाजगी मालकांना विकायला सुरुवात झाली, त्यामुळे एकाच चालकाच्या बोलण्यात आधी खाजगी मालक, मग सरकार, मग पुन्हा खाजगी मालक असा क्रम आढळला तर गोंधळून जाऊ नये.

गाड्यांची नावं मात्र अनुवादू नयेत. लेलँड या ब्रिटिश कंपनीची आठ चाकांची लॉरी 'ऑक्टोपस', त्याच घराण्यातल्या बाकीच्या 'बीव्हर', 'हिप्पो'. ए.ई.सी. या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची 'मॅमथ मेजर'. चेशरमधल्या सँडबाक या एकाच गावात फोडेन आणि ई.आर.एफ. असे लॉऱ्यांचे दोन कारखाने होते. वाफेच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या फोडेन घराण्यातले एडविन रिचर्ड फोडेन डिझेलचा आग्रह धरून बाहेर पडले आणि 1933 मध्ये त्यांच्या आद्याक्षरांची नवी कंपनी निघाली. यातली काही नावं आपल्यालाही ओळखीची आहेत. मद्रासजवळच्या एन्नोरला अशोक लेलँडने 'कॉमेट', 'हिप्पो' आणि 'बीव्हर' बनवल्या, आणि आपल्या एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात लेलँडबरोबर अल्बियन, कॉमर, बेडफर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल या ब्रिटिश गाड्या होत्या.

आता मराठी प्रतिशब्द. 'रात्रपाळीचा चालक' म्हटलं तर कारखान्यातली पाळी डोळ्यांपुढे येते. 'लांब पल्ल्याचा चालक' बरोबर आहे, पण त्यात ठरलेली फेरी आणि ठरलेली रात्र नाही. माझ्या मते आपल्या ट्रकवाल्यांचा शब्द सगळ्यात जवळचा आहे. ते 'लाइनवर जाणं' म्हणतात, 'लाइनची गाडी' आणि 'लोकल गाडी' असा फरक करतात. ट्रंकर म्हणजे 'रात्रीच्या लाइनचा ड्रायव्हर' आणि शंटर म्हणजे 'लोकलचा ड्रायव्हर'. पहिल्यांदा येईल तिथे असा खुलासा करावा आणि पुढे 'ट्रंकर', 'शंटर' तसेच ठेवावेत. वाचक दोन पानांत सरावतो.

याच ओघात 'रोपिंग अँड शीटिंग' हेही येईल. त्या काळच्या पुष्कळ लॉऱ्यांना बाजूच्या फळ्या नसत, नुसती सपाट पाटी. माल रचायचा, वर ताडपत्री ओढायची, ती कोपऱ्यांवर दुमडायची आणि मग दोरांनी आवळायची. आवळण्यासाठी 'डॉली' नावाची गाठ मारत, आणि ती नीट येते की नाही यावर माणसाची पारख व्हायची. इथे 'माल झाकणे' लिहिलं तर त्या मेहनतीचा पत्ताच लागत नाही. 'ताडपत्री घालून दोर आवळणे' असं पूर्ण लिहावं. शंटरने सैल बांधलेला माल रात्री ट्रंकरच्या पाठीमागे सरकतो, हे त्या दोघांमधल्या वादाचं कारणही मग वाचकाला आपोआप कळतं.

'लॉरी'ऐवजी 'ट्रक' चालेल का, असं कोणी विचारेल. शक्यतो 'लॉरी'च ठेवा. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ट्रक म्हणजे बऱ्याचदा रेल्वेचा मालडबा. चालक आपसांत बोलताना उत्तरेकडे 'वॅगन' म्हणत, लंडनकडे 'मोटर'. या दुसऱ्यासाठी आपल्याकडे 'मालमोटार' आहेच, पण ती बातमीत शोभते. ड्रायव्हरच्या तोंडी 'गाडी' घाला. 'ही वॉज ऑन नाइट ट्रंक' याचं मी 'तो रात्रीच्या लाइनला होता' असं करेन.